न्हाणीघरातील निसर्ग

अलीकडे न्हाणीघरात निसर्ग आणण्याची मोठी हौस दिसते. भिंतीला पानाफुलांच्या फरशा, कोपऱ्यात प्लॅस्टिकची वेल! आपल्या कोकणातल्या जुन्या न्हाणीत तो मुद्दाम आणावा लागत नसे. जांभ्या चिऱ्यांची भिंत, दगडी डोण आणि अंगावरून ओघळलेले पाणी पाटाने थेट परसातल्या अळवाला, केळीला, माडाला. आज तेच पाणी गटारात जाते. रत्नागिरीत वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरी वैशाखात जिल्ह्यातल्या कित्येक वाड्या टँकरची वाट पाहतात. अशा मुलखात भिंतीवर पाने चिकटवून काय साधणार? नवे घर बांधताना आपण शिकल्यासवरल्या मंडळींनी फरशीच्या रंगाआधी गवंड्याला एवढेच विचारावे : न्हाणीचे पाणी केळीपर्यंत कसे न्यायचे?