डिस्नेलँड एका वर्षात उभं राहिलं, म्हणून तुमचं दुकान दोन महिन्यांत उभं राहील का?



मोटिव्हेशनच्या कार्यक्रमात एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. वॉल्ट डिस्नेने अमेरिकेत संत्र्यांच्या बागा हटवून एका वर्षात अख्खं डिस्नेलँड उभं केलं, आणि तुम्हाला साधा एक गाळा सुरू करायला सहा महिने लागतात? मग टाळ्या पडतात. ऐकणारा घरी येतो, कॅलेंडर उघडतो, पुढचा चांगला मुहूर्त बघतो आणि पत्रिका छापायला टाकतो.

माझं स्पष्ट मत आहे की ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते, आणि त्या अर्ध्या गोष्टीमुळे नव्या उद्योजकांचं नुकसान होतं. आज उरलेली अर्धी सांगतो. थीम पार्क कसं बांधतात, ते वाढवायला किती वर्षं लागतात, उशीर कुठे होतो, हे नीट पाहिलं तर तुमच्या पोळी-भाजी केंद्राला, मसाल्याच्या युनिटला किंवा ब्युटी पार्लरलाही ते लागू पडतं.

एका वर्षाची किंमत

कॅलिफोर्नियातल्या अनाहाइममध्ये 160 एकर जागेवर जुलै 1954 मध्ये काम सुरू झालं आणि 17 जुलै 1955 ला पार्क उघडलं. एक वर्ष, हे अगदी खरं. पण ती तारीख का हलवता येत नव्हती? कारण पैशासाठी डिस्नेने एबीसी या टीव्ही कंपनीशी करार केला होता. एबीसीने पैसे गुंतवले, कर्जाला हमी दिली आणि बदल्यात डिस्नेने त्यांना टीव्ही कार्यक्रम दिला. उद्घाटनाचं थेट प्रक्षेपण ठरलेलं होतं. थोडक्यात, सगळ्या देशाला पत्रिका गेली होती.

मग त्या दिवशी काय झालं? रणरणतं ऊन होतं. आदल्या रात्रीपर्यंत टाकलेलं डांबर वाळलं नव्हतं, बायकांच्या उंच टाचा त्यात रुतत होत्या. बनावट पासांमुळे निमंत्रितांपेक्षा खूप जास्त गर्दी आत शिरली. खाण्याच्या स्टॉलवरचा माल संपला. 'टुमॉरोलँड' हा भाग अपुरा होता, म्हणून तिथे फुगे आणि पताका लावून वेळ मारून नेली. एका भागात गॅसगळती झाली, तो काही वेळ बंद ठेवावा लागला. कंपनीतल्या जुन्या लोकांनी त्या दिवसाला 'काळा रविवार' असं नावच दिलं. पार्कचा खर्च गेला 1 कोटी 70 लाख डॉलरपर्यंत, सुरुवातीच्या अंदाजाच्या कितीतरी पुढे.

यातली एक गोष्ट मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्लंबरांच्या संपामुळे उद्घाटनापर्यंत एकतर पिण्याच्या पाण्याचे नळ पूर्ण होणार होते, नाहीतर स्वच्छतागृहं. दोन्ही नाही. डिस्नेने स्वच्छतागृहं निवडली. तहान लागली तर माणूस थंड पेय विकत घेऊ शकतो, दुसऱ्या गोष्टीला पर्याय नाही. लोक चिडले, पण निर्णय बरोबर होता. सगळं होणार नाही हे कळल्यावर 'कशाशिवाय चालणारच नाही' हे ठरवता येणं, ही खरी व्यवसायाची अक्कल.

इतकं होऊनही पार्क तरलं. दोन महिन्यांच्या आत दहा लाख लोक येऊन गेले. पण का तरलं, हे बघा. पाठीशी टीव्हीवर दर आठवड्याला फुकट जाहिरात होती आणि मिकी माउससारखं नाव होतं. तुमच्या-माझ्याकडे ते नाही. आपल्या दुकानात पहिल्या दिवशी आलेल्या गिऱ्हाइकाला चहा गार मिळाला तर तो पुन्हा येत नाही, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो ते वेगळंच.

तीच कंपनी पुढे काय शिकली

आता विस्ताराकडे या. पहिला मोठा विस्तार झाला जून 1959 मध्ये. मॅटरहॉर्न, पाणबुडीची सफर आणि मोनोरेल, या तीन मोठ्या राइड एकत्र आल्या. म्हणजे उद्घाटनानंतर चार वर्षांनी. आधी आहे ते चालवलं, दुरुस्त केलं, कमावलं आणि मग वाढवलं.

नंतर 'हाँटेड मॅन्शन'. या भुताच्या वाड्याची बाहेरची इमारत 1963 मध्येच उभी होती. राइड सुरू झाली ऑगस्ट 1969 मध्ये! सहा वर्षं लोक बाहेरून बंद वाडा बघत होते. मधल्या काळात कंपनीची माणसं न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनाच्या कामाला लागली आणि 1966 मध्ये खुद्द वॉल्ट डिस्ने गेले. मोठ्या कंपनीला रिकामी इमारत सहा वर्षं सांभाळता येते. तुम्ही सहा महिने सांभाळू शकाल का? पाटी झळकतेय, शटर बंद आहे आणि भाडं चालू आहे, अशी दुकानं तुमच्याही गावात असतील.

आता अलीकडचं. 'स्टार वॉर्स'वर आधारलेल्या विस्ताराची घोषणा झाली ऑगस्ट 2015 मध्ये, काम सुरू झालं 2016 मध्ये आणि कॅलिफोर्नियात तो भाग उघडला 31 मे 2019 ला. साधारण 14 एकरांसाठी तीन वर्षांचं बांधकाम. जगातल्या सर्वात श्रीमंत करमणूक कंपन्यांपैकी एक असूनही! आणि उघडताना त्यांनी दोनपैकी एकच राइड सुरू केली. दुसरी जानेवारी 2020 मध्ये आली. पण ती नंतर येणार हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. शिवाय पहिले काही आठवडे आरक्षणाशिवाय प्रवेश नव्हता आणि आत थांबायला चार तासांची मर्यादा होती. 1955 ची गर्दी आणि 2019 ची ही शिस्त शेजारी ठेवून बघा. बांधकाम एका वर्षाचं तीन वर्षांवर गेलं, पण गिऱ्हाइकाला फुगे लावून फसवायची वेळ आली नाही.

उशीर नेमका कुठे होतो?

बहुतेकांना वाटतं उशीर बांधकामात होतो. माझ्या मते जास्त उशीर बांधकामाच्या आधी आणि नंतर होतो.

आधीचं उदाहरण: फ्लोरिडातल्या 'अवतार'वरच्या विस्ताराची घोषणा सप्टेंबर 2011 मध्ये झाली. प्रत्यक्ष काम सुरू झालं जानेवारी 2014 मध्ये आणि उघडलं मे 2017 मध्ये. म्हणजे सव्वादोन वर्षं जमिनीवर कुदळसुद्धा पडली नव्हती.

'हे तर आधी कुणीतरी केलंय, आपल्याला फक्त तसंच करायचंय' असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक उदाहरण आहे. 'ट्रॉन' नावाची राइड शांघायमध्ये 2016 पासून चालू होती. तशीच फ्लोरिडात बांधायची घोषणा 2017 मध्ये झाली. मनात होतं 2021 मध्ये, पार्कच्या पन्नाशीपर्यंत उघडायचं. मध्ये कोविड आला आणि उघडली एप्रिल 2023 मध्ये. नकाशा तयार असूनही जवळपास सहा वर्षं. फ्रँचायझी घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचा. युनिव्हर्सलच्या 'एपिक युनिव्हर्स'चंही तसंच: ऑगस्ट 2019 मध्ये घोषणा, 2020 मध्ये काम बंद, 2021 मध्ये पुन्हा सुरू आणि उद्घाटन 22 मे 2025 ला.

आणि नंतरचा उशीर? राइड बसवली की लगेच माणसं बसवत नाहीत. आधी रिकामी फिरवतात, मग वजन ठेवून फिरवतात, मग कर्मचारी शिकतात, मग मर्यादित लोकांना बसवून बघतात. त्यानंतर उद्घाटन. हा वेळ 'वाया गेलेला' नसतो, तो वेळापत्रकात धरलेलाच असतो.

आता तुमच्याकडे बघा. गाळा ठरला, रंग दिला, फर्निचर झालं, की 'झालं' असं आपण म्हणतो. पण थ्री फेज मीटर आलं का? एफएसएसएआय नोंदणी झाली का? मशीन दुसऱ्या राज्यातून येणार असेल तर ऑर्डर कधी दिली? ते बसवायला माणूस कधी येणार? ट्रायलचा माल किती वाया जाईल? यातली एकही गोष्ट तुमच्या हातात पूर्णपणे नाही. फॅब्रिकेटरला तुम्ही रात्री उभं राहून काम करायला लावू शकता, वीज कंपनीला नाही.

मीटर चालू असतं

समजा, भाडं 18,000, कर्जाचा हप्ता 14,000 आणि आधीच कामावर घेतलेल्या कारागिराचा पगार 15,000. महिन्याला 47,000 रुपये. दोन महिने उशीर झाला तर 94,000 रुपये गेले, आणि एकही बिल फाटलेलं नाही. हे पैसे तुम्ही कशासाठी ठेवले होते? पहिल्या तीन महिन्यांच्या कच्च्या मालासाठी. म्हणजे दुकान उघडायच्या आधीच खेळतं भांडवल संपलं. अनेक धंदे गिऱ्हाईक नाही म्हणून बसत नाहीत, ते उघडतात तेव्हाच दमलेले असतात.

हा पैसा घरच्यांच्या सोन्यावर, आईच्या एफडीवर किंवा नोकरी सोडून मिळालेल्या पीएफवर उभा असतो. म्हणून मी तारखेबद्दल इतकं कडक बोलतोय.

मग तारीखच धरायची नाही का?

काही जण म्हणतील, 'सर, तारीख नाही धरली तर काम कधीच पूर्ण होत नाही.' बरोबर आहे. तारीख हवीच. फक्त दोन हव्यात. एक आतली, जी तुम्हाला, तुमच्या पार्टनरला आणि ठेकेदाराला माहीत असते. दुसरी बाहेरची, जी गिऱ्हाइकाला सांगायची, आणि ती ट्रायल यशस्वी झाल्यावरच सांगायची. त्याआधी बॅनर लावणं म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

आणि दिवाळी किंवा लग्नसराई गाठायची असेल तर उलटं मोजा. सीझन कधी, त्याच्या आधी ट्रायल किती दिवस, त्याआधी मशीन कधी यायला हवं, त्याआधी ऑर्डर कधी द्यायला हवी. उत्तर 'मागच्या महिन्यात' असं आलं, तर हा सीझन सोडा. सोडलेला सीझन पुढच्या वर्षी परत येतो. बुडालेलं भांडवल येत नाही.

आपल्या देशातली दोन उदाहरणं

वंडरला बघा. कोची 2000 मध्ये, बेंगळुरू 2005 मध्ये, हैदराबाद 2016 मध्ये. दुसऱ्या आणि तिसऱ्या पार्कमध्ये अकरा वर्षांचं अंतर. मधल्या काळात, 2014 मध्ये, कंपनीने शेअर बाजारातून भांडवल उभं केलं.

खोपोलीजवळचं इमॅजिका आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. 2013 मध्ये थीम पार्क, 2014 मध्ये वॉटर पार्क, त्यानंतर हॉटेल आणि स्नो पार्क. टप्पे पाडले होते, पण ते एकापाठोपाठ एक आले आणि कर्जाचा भार जड झाला. 2022 मध्ये सूत्रं मालपाणी समूहाकडे गेली. पार्क आजही चालू आहे, लोक जातात, मजा करतात. मुद्दा इतकाच: नुसते टप्पे पाडून भागत नाही. पहिल्या टप्प्याच्या कमाईने दुसऱ्याला हात द्यायला हवा.

आता वही घ्या

1. उघडण्यापूर्वीची सगळी कामं एका पानावर लिहा. प्रत्येकासमोर 'माझ्या हातात' किंवा 'दुसऱ्याच्या हातात' असं लिहा.

2. दुसऱ्याच्या हातातली कामं आधी सुरू करा. रंग आणि पाटी शेवटी.

3. कुठलं काम कशासाठी अडतं ते बाणाने जोडा. सर्वात लांब साखळी जितक्या दिवसांची, तितके दिवस लागणारच. बाकीची कामं घाईने उरकून तारीख अलीकडे येत नाही.

4. मालकाशी बोलताना भाडं ताबा घेतल्यापासून सुरू न करता फर्निचरसाठी एखादा महिना सवलत मागा. बँकेकडे हप्ता कधीपासून सुरू होतो हे सही करण्याआधी विचारा.

5. किमान दहा दिवस ट्रायलसाठी राखून ठेवा. ओळखीच्या वीस लोकांना माल द्या आणि 'छान आहे' सोडून दुसरं काहीतरी सांगा म्हणावं.

6. उघडताना पदार्थ किंवा सेवा कमी ठेवा. बारा भाज्यांऐवजी चार. पण त्या चार रोज, वेळेवर आणि एकाच चवीच्या. बाकीच्या कधी येणार ते गिऱ्हाइकाला मोकळेपणाने सांगा.

पुढच्या वेळी कुणी स्टेजवरून 'एका वर्षात डिस्नेलँड' म्हणालं, तर टाळी जरूर वाजवा, त्या माणसाची जिद्द तेवढी मोठी होतीच. फक्त घरी येऊन पत्रिका छापायला टाकण्याआधी मीटरचा अर्ज कुठल्या टेबलावर आहे तेवढं विचारून या.