‘इतके दिवस गप्प का?’

परवा पाटोद्यात एका सत्काराच्या कार्यक्रमात एका वक्त्यांनी बायांवरच्या अत्याचारांबद्दल तीन सिद्धान्त सांगितले. खरोखर सोसलेली बाई लगेच बोलते. जी महिन्यांनी बोलते, ती पढवलेली. गावातलं गावात मिटावं. आणि हल्ली कायदे सगळे बायांचेच. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत बाया नव्हत्या. त्या मागं पंगतीसाठी पुऱ्या लाटत होत्या.

शेवटचे दोन आधी निकालात काढतो. कायदा बायांचा असेलही, पण तो बीडला राहतो. आणि गावात मिटवायला जे बसतात त्यांच्यात ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा भाऊ असतो, पोरीची आई नसते.

आता ते ‘लगेच’. आमच्याकडून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे मुकादमाकडची आगाऊ रक्कम, दोघांच्या जिवावर घेतलेली. मुक्काम कोपीत, तिला ना दार ना कडी. आंघोळ अंधारात, साडीच्या आडोशानं. गाडी भरताना डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचं, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. ताप आला तरी खाडा धरतात, पैसे कापतात. अशा फडात कुणी अंगावर हात टाकला तर वक्तेमहाशय, तिनं लगेच जायचं कुठं? जिल्हा परका. ज्याच्याकडे दाद मागायची त्या मुकादमाच्याच हातात उचलीची वही. तोंड उघडलं तर ‘फेड आजच्या आज’. नवऱ्याला सांगावं तर तो हात टाकणाऱ्यावर धावेल, नाहीतर हिच्यावरच. म्हणून ती पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, दात दाबून ऊस तोडते. तिच्या गप्प बसण्यामागं साधा उचलीचा हिशेब आहे. सत्काराची शाल घेऊन तो कळत नाही.

वक्त्यांच्या लाडक्या कायद्यालाही हा हिशेब पुरता कळलेला नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३चा कायदा तक्रारीला तीन महिने देतो, सबळ कारण दाखवलं तर आणखी तीन. आमचा हंगामच पाच-सहा महिन्यांचा!

हा वाद तसा जुना. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं. अंगावर खुणा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही. देश खवळला, १९८३ला कायदा बदलला. विचारणारे मात्र तेच राहिले. तेव्हा ‘ओरडली का नाही’ होतं, आता ‘बोलली का नाही’ आहे.

मग करायचं काय? बाई बोलायला लागली की उलटतपासणी न घेता ऐकायचं. आधी दवाखाना गाठायचा. सरकारी असो वा खासगी, प्रथमोपचार आणि उपचार मोफत देणं त्याला बंधनकारक आहे, आधी फिर्याद दाखवा म्हणता येत नाही. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. फोन १८१ किंवा ११२. गुन्हा दुसऱ्या जिल्ह्यात घडला तरी फिर्याद पाटोद्याच्या ठाण्यात, शून्य क्रमांकानं, नोंदवता येते. मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य मिळतं; त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं.

पट्टा पडला की कोयते परततील. तेव्हा एखादी बोलली, तर तिला तारीख विचारण्याआधी एवढं ध्यानात ठेवा: बलात्काराची फिर्याद द्यायला कायद्यात मुदत नाही.