मांडीमागची प्रत्येक वेदना गृध्रसी नव्हे

अंजूर, काल्हेर, राहनाळ या पट्ट्यातील गोदामांत पोती उचलणारे हमाल आणि दिवसभर बसून टेम्पो हाकणारे चालक मांडीमागील जुनाट वेदना घेऊन आपल्याकडे येतात. बहुधा 'गृध्रसी' असे निदान होते आणि तैल, गुग्गुळ व विश्रांती यांची योजना होते. आम्हीही हेच करीत आलो. एका हमालास आम्ही दोन महिने कटिबस्ती दिली. त्याची मजुरी बुडाली, वेदना मात्र होती तेथेच राहिली. पुढे बैठकीच्या हाडावर अंगठा दाबला तेव्हा व्याधीचे स्थान कळले. तो अंगठा पहिल्याच दिवशी दाबावयास हवा होता, हे आम्ही कबूल करतो.

चरकसंहितेतील गृध्रसीची वेदना स्फिक् प्रदेशी आरंभून कटी, ऊरू, जानू, जंघा अशी क्रमाने पावलापर्यंत उतरते. याउलट जी वेदना बैठकीच्या हाडाशी सुरू होऊन गुडघ्याच्या वरच थांबते, कठीण आसनावर बसल्याने व वाकून ओझे उचलल्याने वाढते, तिचे मूळ बहुधा मांडीमागील हॅमस्ट्रिंग स्नायूंच्या कंडरेत असते. सरळ पाय उचलण्यास अडथळा दोन्हींत येतो. तेवढ्यावर निदान करू नये. उचललेला पाय किंचित खाली आणून पाऊल नडगीकडे वळवावे. वेदना झणझणत उतरली तर नाडीचा संशय घ्यावा. पालथे झोपवून, गुडघा वाकविताना हाताने विरोध केल्यावर हाडाशीच दुखले, तर कंडरेचा.

अशा कंडरेस दीर्घ विश्रांती दुर्बळ करते आणि जोराचा ताण हाडावर अधिक दाबतो. तिला हवा असतो क्रमाने वाढविलेला भार: प्रथम उताणे झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलून धरणे, मग एका पायावर, नंतर वजनासह, शेवटी वाकून उचलणे. यास तीन महिने वा अधिक लागतात, हे रुग्णास आरंभीच सांगावे. व्यायामाने वात वाढेल अशी शंका काही वैद्यबंधू घेतात. परंतु अर्धशक्तीची मर्यादा आपल्याच शास्त्राने घातली आहे. प्रश्न मात्रेचा आहे. स्नेहन-स्वेदन सहाय्यक म्हणून अवश्य करावे. व्यायामाचा क्रम भौतिकोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याने ठरविण्यात कमीपणा नाही.

'कट्' असा आवाज होऊन मांडी काळीनिळी पडली, तर मर्दन न करता शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. पाऊल लुळे पडणे, जांघेच्या आतील भागाची बधिरता वा मूत्रावरोध दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पोटरी सुजून तापली असल्यास तेल चोळू नये.

औषधालयचालकांना विनंती अशी की, धातुभस्मयुक्त महायोगराज गुग्गुळ महिनोन्‌महिने मागणाऱ्या ग्राहकास पुडी बांधून देण्याआधी एवढेच विचारावे: "वैद्याने हात लावून तपासले का?"

रोजंदारीवरच्या माणसाचे दोन महिने ही लहान किंमत नव्हे. दर्शन, स्पर्शन, प्रश्न या त्रिविध परीक्षेतील स्पर्शन आपणच वगळले, तर दोष औषधाचा नसतो.