ऑर्डर येईल तशी मशीनवर टाकू नका!

मसाला कांडपाच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, पल्वरायझर किती एचपीचा घेऊ?" मी म्हणतो, मोठं मशीन नंतर घ्या. आधी आहे ते मशीन दिवसातून किती वेळ नुसतं साफ होत असतं, ते मोजा.

माझ्या दुकानात माल बदलला की जाळी काढा, ब्रश मारा, मूठभर तांदूळ फिरवा, यात 20 मिनिटं जातात. दहा गिऱ्हाइकांचा माल आलटून-पालटून घेतला तर मधे नऊ वेळा सफाई, म्हणजे चक्क तीन तास! तोच माल आधी सगळे धणे, मग हळद, मग मिरची असा लावला, तर सफाई दोनदाच. 40 मिनिटं. एकाच जिनसाच्या दोन गिऱ्हाइकांमध्ये नुसती झटकणी पुरते.

क्रमही महत्त्वाचा. उपवासाची भाजणी असेल तर ती सकाळी, धुतलेल्या मशीनवर पहिली. मिरची शेवटी, कारण तिचा रंग आणि तिखटपणा कुठेतरी चिकटून राहतोच. हे मी पैसे घालवून शिकलोय. सुरुवातीला एका काकूंसाठी घाईत मधेच दोन किलो मिरची काढली आणि मागून आलेल्या गिऱ्हाइकाची चार किलो हळद नारिंगी झाली. हळद भरून द्यावी लागली.

पण म्हणून 40 किलो मिरची जमेपर्यंत थांबायचं का? अजिबात नाही! बीबीएला बॅच साइजचा फॉर्म्युला पाठ केला होता. त्यात पिशवी घेऊन दारात उभं असलेलं गिऱ्हाईक नव्हतं. शिवाय मिरची सलग दळत राहिलं की मशीन तापतं आणि मसाल्याचा वास उडतो. त्यामुळे मी बॅच किलोवर नाही, घड्याळावर ठरवतो. 11 पर्यंत धणे, 1 पर्यंत हळद, दुपारनंतर मिरची. वेळ झाली की माल कमी असला तरी मशीन सुरू. हे वेळापत्रक बाहेर पाटीवर लिहिलंय, म्हणजे लोकही त्या हिशेबाने येतात.

तातडीचं काम घेतो, नाही असं नाही. पण मधल्या सफाईचे पैसे वेगळे सांगतो. काकू आधी कुरकुरतात, मग बऱ्याच जणी म्हणतात, "राहू दे रे, उद्या दे."