मनोऱ्याची मोजपट्टी

भंडारा शहरासमोर, वैनगंगेच्या दुसऱ्या तीरावर वसलेल्या कारधा गावाचे नाव पावसाळ्यात साऱ्या जिल्ह्याच्या तोंडी असते. कारध्याच्या पुलापाशी पाणी धोक्याच्या पातळीपासून किती दूर आहे, यावर काठच्या गावांनी रात्र जागून काढायची की नाही, हे ठरते. ऑगस्ट 2020 च्या अखेरच्या महापुरातही या आकड्याचे महत्त्व सर्वांना पटले. पातळी मोजली जाते, आकडा जाहीर होतो, म्हणूनच तेथे अफवेला फारसा थारा मिळत नाही. नदीबाबत पाळली जाणारी ही शिस्त भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांबाबत का असू नये?

गावात मनोरा उभा राहणार म्हटले की विरोधाचे सूर उमटतात. त्यामागे अज्ञान आहे असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण या अज्ञानाला जबाबदार कोण? अणुभट्टीतील प्रारण आणि मनोऱ्यावरील रेडिओलहरी या दोहोंना सर्रास ‘किरणोत्सर्ग’ हा एकच शब्द वापरला जातो. वस्तुतः रेडिओलहरींत अणूची मोडतोड करण्याइतकी ऊर्जा नसते. त्यांची तीव्रता फार वाढली तर शरीराची उष्णता वाढते आणि हे टाळण्यासाठीच मर्यादा आखल्या जातात. अंतर दुप्पट झाले की तीव्रता साधारणपणे एकचतुर्थांश होते. उलट मनोरा दूर गेला की कानाशी धरलेल्या भ्रमणध्वनीलाच अधिक जोर लावावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2011 मध्ये या लहरींना ‘संभाव्य’ धोक्याच्या गटात ठेवले, हेही खरे. म्हणून सावधगिरी हवीच. परंतु सावधगिरीचा पाया मोजमाप हा असतो.

केंद्राच्या दूरसंचार विभागाने या दिशेने पाऊल टाकले होते. 1 सप्टेंबर 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांश इतकी कठोर मर्यादा देशात लागू झाली. 900 मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे 4.5 वॉटऐवजी 0.45 वॉट, असा तो बदल होता. उल्लंघनासाठी 2013 मध्ये दंड 10 लाख रुपयांवर नेण्यात आला. 2017 मध्ये ‘तरंग संचार’ हे संकेतस्थळ सुरू झाले. 4000 रुपये भरून कोणत्याही नागरिकाला मोजणी मागता येईल, अशी सोय झाली. शासनाचे हे कार्य निःसंशय अभिनंदनीय आहे. पण धानाच्या बांधावर राबणाऱ्या शेतकऱ्याने मनातली शंका फेडण्यासाठी 4000 रुपये मोजावेत, ही अपेक्षा वास्तवाला धरून आहे काय?

याच विभागाने त्याच वर्षी, जानेवारी 2012 मध्ये, दुसराही आदेश काढला होता. 2015 पर्यंत ग्रामीण भागातील निम्मे आणि शहरांतील 20 टक्के मनोरे, तर 2020 पर्यंत अनुक्रमे 75 व 33 टक्के मनोरे सौर वा अन्य अपारंपरिक ऊर्जेची जोड घेऊन चालावेत, असे त्यात होते. पहिली मुदत उलटून गेल्यावर, 2017 मध्ये नियामक प्राधिकरणाला याच प्रश्नावर नव्याने विचारविनिमय करावा लागला, यातच सारे आले. डिझेलच्या जनित्राचा धूर आणि घरघर गावकऱ्यांना रोज जाणवते. त्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही. शिवाय पुरात वीज गेली आणि रस्ता पाण्याखाली गेला, तर डिझेल पोहोचणार कसे? ज्या घटकेला पुराचा इशारा गावोगाव पोहोचायला हवा, नेमक्या त्याच घटकेला मनोरा मुका होण्याची भीती असते. विदर्भाच्या उन्हाने भरलेली बॅटरी तेथे काही तास तरी आधार देईल.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रत्येक मनोऱ्याची मोजणी, तिची तारीख आणि मर्यादेचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावा. मनोरा कोणत्या ऊर्जेवर चालतो, हेही त्याखाली लिहावे. तक्रार आल्यास पहिली मोजणी विनाशुल्क व्हावी. विभागाकडे अधिकार आहे, यंत्रणाही आहे. उणीव आहे ती आकडा गावापर्यंत नेण्याच्या इच्छाशक्तीची. पुराचा आकडा वाचू शकणारा समाज मनोऱ्याचा आकडाही वाचू शकतो. त्याच्यावर विश्वास टाकण्याचे धैर्य शासनाने दाखवावे.