टेस्ट पास, पण कुठल्या व्हेरिअंटच्या?

सबमिशन जवळ आलं की रात्री दोन वाजता हॉस्टेलच्या कुठल्यातरी रूममधून आरोळी येतेच, "सगळ्या टेस्ट पास!" तो हिरवा रिपोर्ट प्रिंट होऊन ब्लॅकबुकात जातो आणि गाईडही खूश होतात. पास नेमकं कोण झालं, हे मात्र कोणी विचारत नाही.

इन्स्ट्रुमेंटेशन टेस्ट म्हणजे खऱ्या फोनवर किंवा एम्युलेटरवर ॲप चालवून घेतलेली परीक्षा. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, याला चांगला शब्द असेल तर जरूर कळवा.) समजा, आपण हजेरीचं अँड्रॉइड ॲप केलं. त्याचे फ्लेवर दोन, विद्यार्थी आणि शिक्षक. डीबग आणि रिलीज हे दोन बिल्ड टाइप मुळातच मिळतात. म्हणजे एकूण चार व्हेरिअंट. 'कनेक्टेड अँड्रॉइड टेस्ट' हा टास्क चालवला की चारही तपासले गेले असं वाटतं. पण आपण वेगळं काही सांगितलं नाही तर ग्रेडल टेस्टसाठी डीबगच धरतं. म्हणजे तपासले दोनच, आणि लोकांच्या फोनवर जाणाऱ्या रिलीजला कोणी हातसुद्धा लावला नाही!

त्यात काय बिघडलं, असं म्हणाल तर ऐका. रिलीजसाठी मिनिफाय चालू केलं की आर८ (२०१९ पासून प्रोगार्डच्या जागी हेच आलंय) न लागणारा कोड काढून टाकतं आणि उरलेल्याची नावं 'ए', 'बी' अशी करून टाकतं. जीसन लायब्ररी सर्व्हरचा डेटा फील्डच्या नावावरून जुळवते. ते नाव बदललं आणि 'कीप'चा नियम लिहिलेला नसला, तर हजेरीचा रकाना कोरा. ॲप क्रॅश झालं तर निदान कळतं तरी. हे गप्प बसून शून्य दाखवतं, आणि ७५ टक्क्यांच्या हिशेबात एखाद्याचं नाव उगाच डिफॉल्टर लिस्टवर जातं.

आमच्या विंगमधले जाणकार म्हणतात, रिलीजवर टेस्ट म्हणजे डोकेदुखी. ते खरंही आहे. जी मेथड फक्त टेस्टमध्येच वापरलीय ती आर८ने आधीच उडवलेली असते, मग टेस्ट उगाच फेल होते. शिवाय टेस्टला एका वेळी एकच बिल्ड टाइप देता येतो. पण म्हणून सोडूनच द्यायचं, हे मला पटत नाही. 'स्टेजिंग' नावाचा तिसरा बिल्ड टाइप करा. सगळं रिलीजसारखं, आर८ चालू, फक्त सही डीबगच्या कीने. रोज डीबगवर चालवा, सबमिशनच्या आठवड्यात स्टेजिंगवर. यातूनही सहीचे घोळ सुटतातच. गूगल मॅपची परवानगी डीबगच्या सहीपुरतीच घेतली असेल तर रिलीजमध्ये नकाशा कोरा येतो, तो रिलीज फोनवर टाकूनच बघावा लागतो.

सर आणि मॅडम, तुम्हालाही एक विनंती. व्हायव्हात "टेस्टिंग केलं का?" असं नका विचारू, "कुठल्या व्हेरिअंटवर केलं?" असं विचारा. पहिल्या वर्षी निम्म्या ग्रुपची ततपप होईल, होऊ दे.