‘विसर ना यार!’

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण केजीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालंय. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यात माझा अजूनही गोंधळ होतो. त्यामुळे मी मराठी विभागासाठी लिहिणार म्हटल्यावर आमच्या विंगमध्ये जोरदार हशा पिकला. पण जे सांगायचंय ते इंग्लिशमध्ये जमेना. कारण ज्या वाक्यांबद्दल लिहायचंय, ती सगळी आपण मराठीतच बोलतो.

“असू दे गं.” “एवढं काय त्यात?” “तुला तर काही झालं नाही ना? मग!” आणि आपल्या हॉस्टेलचं सगळ्यात लाडकं वाक्य, “विसर ना यार!”

गोष्ट गेल्या सेमिस्टरची. (रूममेटने स्वतः वाचून ‘दे छापायला’ म्हटल्यावरच देतेय.) रविवारी संध्याकाळी ती गावाहून एसटीने परत येत होती. हायवेवर गाडी थांबली. पुढे एका ट्रकने बाईकला उडवलं होतं. कंडक्टर आणि दोन-तीन पॅसेंजर खाली उतरले, त्यांच्याबरोबर ही पण पाण्याची बाटली घेऊन उतरली. कुणीतरी १०८ ला फोन लावला. बाईकवरच्या बाई रस्त्याच्या कडेला पडल्या होत्या. ही त्यांचा हात धरून बसून राहिली. अ‍ॅम्ब्युलन्स आली, पण तोपर्यंत त्या बाई गेल्या होत्या.

रात्री नऊला ही रूमवर आली. ओढणीला रक्त लागलं होतं, पण ते तिचं नव्हतं. तिला स्वतःला साधं खरचटलंही नव्हतं. बस्स, आमचा सगळा घोळ इथेच झाला!

अर्ध्या तासात आमच्या रूममध्ये पंधरा मुली. “किती लागलं होतं गं?” “ट्रकवाला पळाला का?” “तू घाबरली नाहीस?” एकीने तर “फोटो काढलास का?” असंही विचारलं. व्हायवाला बसल्यासारखी ती प्रत्येकीला पहिल्यापासून सांगत होती. शेवटी मी, तिची बेस्ट फ्रेंड, मोठ्या शहाणपणाने म्हणाले, “चल, आता विसर. उद्या सबमिशन आहे.”

तिने मान डोलावली आणि जर्नल उघडलं. मला वाटलं, झालं. किती स्ट्राँग आहे माझी रूमी!

पुढचे दिवस मी बघत होते, पण मला दिसत नव्हतं. रात्री दोन-अडीचला ती उठून बसायची. मेसमध्ये ताट घ्यायची आणि तसंच ठेवून यायची. गेटबाहेर ट्रकचा हॉर्न वाजला की हातातलं पेन खाली. दोन वीकेंड घरी गेली नाही, कारण घरी जायचं म्हणजे तोच रस्ता. सकाळची लेक्चर्स बुडायला लागली. विंगमध्ये कुजबुज सुरू झाली, “अगं, तिला कुठे काय झालंय? नाटकं नुसती.” खोटं कशाला सांगू, एक-दोनदा माझ्याही मनात तेच आलं.

आम्हा पंधराजणींना जे कळलं नाही ते मेसच्या मावशींना कळलं. एके दिवशी त्यांनी तिला मेस बंद झाल्यावर स्वयंपाकघरात बोलावलं. काही विचारलं नाही. चहा दिला, समोर मेथीची जुडी ठेवली आणि म्हणाल्या, “जरा निवडू लाग बाई मला.” दोघी तासभर मेथी निवडत बसल्या. दुसऱ्या दिवशी गवार. चौथ्या-पाचव्या दिवशी ही आपणहून बोलली, आणि पहिल्यांदाच रडली.

मावशी औसा तालुक्यातल्या आहेत. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्या चौथीत होत्या. गणपती विसर्जनाची रात्र संपून पहाट होत होती. दहा हजारांच्या आसपास माणसं त्या भूकंपात गेली. त्यांच्या घरातलं कुणी गेलं नाही, पण शेजारच्या घरातून माणसं काढताना त्यांनी बघितली. मी नंतर त्यांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं हो तिचं? त्या म्हणाल्या, “मेलेल्यांना मोजत होते, लागलेल्यांना मोजत होते. बघणाऱ्याला कोण मोजतंय बाई?”

हे वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून मी लायब्ररीत बसून थोडं वाचलं. तेव्हा समजलं की मावशी बरोबर होत्या आणि आम्ही साफ चुकलो होतो.

आघातानंतरच्या त्रासाला डॉक्टर मंडळी पीटीएसडी म्हणतात. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हा आजार आला. २०१३ च्या आवृत्तीत तर सरळ लिहिलंय की स्वतःवर प्रसंग ओढवला पाहिजे असं नाही, दुसऱ्यावर ओढवलेला डोळ्यांनी बघितला तरी तो आघातच. म्हणजे ‘तुला कुठे काय झालं?’ हा प्रश्नच चुकीचा. झालं होतं. फक्त ते एक्स-रेमध्ये येत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आपल्याला वाटतं, घडाघडा बोलून टाकलं की मन मोकळं होतं. पूर्वी तज्ज्ञांनाही तसं वाटायचं. अपघातानंतर लगेच माणसाला बसवून सगळं तपशिलात बोलायला लावायची पद्धत होती. नंतर नीट चाचण्या घेतल्या, तेव्हा फायदा दिसला नाही. काहींचा त्रास उलट जास्त टिकला. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचारावर जे पुस्तक काढलं, त्यात तीनच गोष्टी सांगितल्यात : बघा, ऐका, जोडून द्या. माणूस सुरक्षित आहे का, त्याला काय हवंय ते बघा. बोलला तर ऐका, पण बोलायला लावू नका. आणि त्याला घरच्यांशी, मित्रांशी, गरज पडली तर डॉक्टरांशी जोडून द्या. मावशींनी यातलं एक पान वाचलं नव्हतं!

मी सिव्हिलची, म्हणून आपल्याच भाषेत सांगते. काँक्रीटचा क्यूब आपण पाण्यात ठेवतो आणि २८ दिवसांनी मशीनमध्ये घालतो. तिसऱ्या दिवशी घालून “काय रे, एवढीच स्ट्रेंथ?” असं विचारत नाही. माणसाचंही थोडंफार तसंच. पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं, तेच चित्र डोळ्यांसमोर येणं हे स्वाभाविक आहे आणि बहुतेकजण आधार मिळाला तर त्यातून आपोआप बाहेर येतात. पण महिना उलटूनही तेच चालू असेल, किंवा मधेच जगणं नको अशी भाषा आली, तर ‘होईल बरी’ म्हणत बसू नका. तज्ज्ञाकडेच न्या. सरकारची टेली-मानस ही फुकट हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मेसच्या मेन्यूशेजारी हा नंबर लावायला काय हरकत आहे?

काहीजण म्हणतील, “आमच्या आजोबांनी काय काय बघितलं, त्यांना कुठे कौन्सेलर लागला?” मान्य. पण आजोबांच्या घरात रात्री दोनला उठून बसलं तर शेजारी कुणीतरी असायचं. दुःखाच्या घरी पिठलं-भाकरी शेजारून यायची, माणसं नुसती येऊन बसायची. आपल्याकडे ‘बसायला जाणं’ असा शब्दच आहे! बोलायला नाही, बसायला. हॉस्टेलमध्ये आपण शंभरजणी एका छपराखाली राहतो आणि कानात हेडफोन घालून झोपतो. मग आजोबांचं उदाहरण कुठल्या तोंडाने द्यायचं?

आता थोडं आपल्या स्टाफबद्दल. रागावू नका सर. माझ्या रूममेटचं नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये लागलं. ताप आला असता तर मेडिकल सर्टिफिकेट चाललं असतं. कावीळ झाली असती तर सगळे घरी भेटायला गेले असते. पण ‘मॅडम, मी एका बाईंना मरताना पाहिलं’ हे कुठल्या फॉर्मवर लिहायचं? तो रकानाच नाही. माझी मागणी साधी आहे. अशा विद्यार्थ्याला रेक्टर किंवा क्लास टीचरच्या शिफारशीवर दोन आठवडे हजेरीत सवलत द्या. आणि आठवड्यातून एक दिवस का होईना, बाहेरचा कौन्सेलर कॉलेजमध्ये बसवा. गॅदरिंगच्या मांडवाच्या मानाने खर्च काहीच नाही.

तिला आणखी एक भीती होती, पोलिसांची. ‘आपलं नाव घेतील, कोर्टात खेटे घालायला लागतील.’ हेही कुणीतरी कॉरिडॉरमध्येच भरवलेलं. खरं तर अपघातात मदत करणाऱ्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये निर्देश पक्के केले आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-ए हे कलम आलं. मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. हे तिला त्याच रात्री सांगितलं असतं तर एक ओझं तरी कमी झालं असतं.

मित्रमैत्रिणींनो, मी काही तज्ज्ञ नाही. चुकलेली रूममेट आहे. पुन्हा ती रात्र आली तर काय करीन? दार लोटून घेईन. गर्दी बाहेर. ओढणी भिजत घालीन, गरम चहा आणीन, तिच्या घरी फोन लावून देईन. जर्नल मी पूर्ण करीन. “मी इथेच आहे, झोप नाही आली तर उठव,” एवढंच म्हणीन. आणि खरंच उठवलं तर कुरकुर न करता उठीन.

ती आता बरी आहे. डॉक्टरांकडे तीन महिने गेली. मागच्या महिन्यात त्याच रस्त्याने घरी गेली, मी सोबत होते. ती जागा आली तेव्हा तिने माझा हात धरला. माझ्या जिभेवर आलं होतं, “विसर ना...” पण गिळलं. पुढचा स्टॉप येईपर्यंत आम्ही दोघी काहीच बोललो नाही.

– टी. ई. सिव्हिल, लेडीज हॉस्टेल